टाकीवरून मोटर चालवणे : विदर्भातल्या एका नळयोजनेवरचा अनुभव

पानठेल्यावर "पन्नास रुपये प्राप्त झाले" असं ओरडणारा डबा, सौर कृषिपंपाच्या कंट्रोलरमध्ये बसवलेलं सिम, घराबाहेरचं स्मार्ट मीटर, प्रवासी गाडीतलं ट्रॅकिंग यंत्र. या सगळ्यांत एक यंत्र दुसऱ्या यंत्राला बिनतारी कळवतं, मधे माणूस नसतो. यालाच एमटूएम, म्हणजे मशीन टू मशीन, म्हणतात. हा बाजार वाढतोय तसे विकणारेही ग्रामपंचायतीपर्यंत पोचले आहेत. वित्त आयोगाचा बंधित (ठरावीक कामांसाठी राखलेला) निधी पाणीपुरवठ्यावर खर्च करता येतो, हे त्यांना सरपंचांच्या आधी माहीत असतं.

वरुड-मोर्शीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावच्या नळयोजनेवर आम्ही असा संच बसवला. तो कसा बसवला आणि कुठे काय अडतं, ते इथे देतो.

योजना नेहमीसारखीच. विहीर नाल्याकाठी, टाकी गावामागच्या टेकाडावर, मधे सरळ अंतर अडीच किलोमीटर. टाकी ५० हजार लिटरची, आत पाणी ३ मीटर चढतं. विहिरीत ५ एचपीची थ्री फेज सबमर्सिबल, ताशी साधारण १५ हजार लिटर देणारी. म्हणजे रिकामी टाकी भरायला ३ तास २० मिनिटं. थ्री फेजची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत पाणी सोडणाऱ्या माणसाला बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागतं. नाही गेला तर सकाळी टाकी रिकामी, आणि चालू करून झोपला तर टाकी ओसंडून वाहते.

विकणारे बहुतेक एकच रचना दाखवतात : टाकीवर सिम, मोटरवर सिम, मधे दूरच्या शहरातला सर्व्हर. आम्ही ती घेतली नाही. आपल्याकडे लाईन गेली की काही तासांत मोबाईल टॉवरची बॅटरीही मान टाकते. मग लाईन येते, मोटर चालू व्हायला हवी, पण टॉवर अजून मुका. त्याहून वाईट म्हणजे मोटर चालू आहे, टाकी भरली आहे आणि "बंद कर" हा निरोपच पोचत नाही. म्हणून टाकी आणि मोटर यांचं बोलणं थेट लोरा रेडिओवर ठेवलं. लोरा म्हणजे थोड्या विजेत छोटे निरोप काही किलोमीटर पोचवणारा रेडिओ, त्याला टॉवर लागत नाही. फोर-जी फक्त बातमी देण्यापुरतं. सर्व्हर महिनाभर बंद पडला तरी गावाचं पाणी थांबता कामा नये, एवढी अट पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

लोरासाठी आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. आधी तो ८६७ पर्यंतच होता, २०२१ च्या नियमांनी ८६८ पर्यंत वाढला. प्रसारणशक्तीची मर्यादा १ वॉट. आपल्याला त्याच्या दहाव्या हिश्श्यातही काम भागतं. मात्र मॉड्यूल घेताना पुरवठादाराकडून ईटीए (रेडिओ उपकरणाच्या सरकारी मान्यतेच्या) प्रमाणपत्राची प्रत मागा, आणि मॉड्यूल ८६५ चं आहे की ४३३ चं ते पाहून घ्या. दोन्ही दिसायला सारखीच असतात, अँटेनाही सारखेच. ८६५ च्या रेडिओला ४३३ चा अँटेना लावला तर टेबलावर सगळं चालतं आणि अर्ध्या किलोमीटरवर गप्प होतं. अँटेना न लावता रेडिओ चालू करू नका, त्याचा प्रसारणाचा भाग जळू शकतो.

पाहणी हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस. टाकीवर एक रेडिओ ठेवायचा, विहिरीवर दुसरा, आणि सिग्नलची पातळी लिहून काढायची. मोकळ्या हवेत अडीच किलोमीटरला सुमारे ९९ डेसिबल घट होते. स्प्रेडिंग फॅक्टर (निरोप किती सावकाश पाठवायचा ते ठरवणारी लोराची पायरी) ९ ला चांगला रेडिओ उणे १२९ डीबीएमपर्यंत ऐकतो. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण. म्हणजे कागदावर भरपूर शिल्लक दिसते. ती खाणारी गोष्ट म्हणजे झाडं. नुसतं समोरचं दिसून भागत नाही. या अंतराला दोन अँटेनांच्या मधोमध सरळ रेषेभोवती साधारण १५ मीटर त्रिज्येची जागा लहरींना लागते, त्यातली निदान ९ मीटर मोकळी हवी. टाकीची बाजू उंचावर असते, तिथे प्रश्न नाही. विहिरीच्या खोलीवर मात्र ६ मीटरचा जीआय पाइप उभा करावाच लागतो.

आणि पाहणी उन्हाळ्यात केली असेल तर आकड्यांवर भाळू नका. एप्रिलमध्ये सागवान निष्पर्ण असतो. जुलैत तोच सागवान हातभर लांबीची ओली पानं घेऊन मधे उभा राहतो आणि सिग्नल झपाट्याने खाली येतो. उन्हाळ्यात मोजलेल्या आकड्यात निदान २० डेसिबल राखीव असले तरच त्या जागेवर अँटेना लावायचा. संत्र्याचे बगीचे बुटके, ते आड येत नाहीत. आंबा, चिंच आणि साग येतात.

अँटेनापासून पेटीपर्यंतची केबल छोटी ठेवा. बाजारात सहज मिळणारी आरजी-५८ केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे सुमारे अर्धा डेसिबल खाते. १० मीटर घेतली की दोन तृतीयांश ताकद वाटेतच संपली. पेटीच पाइपावर, अँटेनाखाली हातभर अंतरावर बसवली की हा प्रश्न उरत नाही. दुसरा शत्रू वानरं. पातळ, लांब फायबरचा अँटेना दिसला की टोळीतलं एखादं त्याला लोंबकळतंच. त्यामुळे टाकीच्या छतावर जाड बुडाचा, आखूड अँटेना घ्यायचा, आणि तो आकाशातली वीज झेलणाऱ्या सळईच्या टोकापेक्षा बराच खाली ठेवायचा.

टाकीतली पातळी मोजायला स्वस्तात अल्ट्रासॉनिक सेन्सर मिळतो. बंद टाकीत झाकणाखाली वाफेचे थेंब त्याच्या तोंडावर बसतात आणि पहाटे तो मनाला येईल ते आकडे देतो. शिवाय तोंडापासून २०-२५ सेंटिमीटरचं त्याला दिसतच नाही, आणि नेमकी टाकी भरली की नाही ते तिथेच कळायचं असतं. आम्ही पाण्यात सोडायचा दाबाचा सेन्सर घेतला : ० ते ५ मीटर, ४-२० मिलिअँपिअर, म्हणजे पातळी करंटच्या आकड्यात कळवणारा. रिकाम्या टाकीला ४ मिलिअँपिअर, ३ मीटरला १३.६. सर्किटमध्ये १५० ओहमचा रोधक टाकला की हेच ०.६ आणि २.०४ व्होल्ट होतात. यात फायदा असा की ०.५ व्होल्टच्या खाली आकडा गेला तर टाकी रिकामी नाही, तार तुटली आहे, हे यंत्राला आपोआप समजतं.

या सेन्सरच्या केबलमध्ये एक बारीक नळी असते, बाहेरच्या हवेचा दाब आत पोचवणारी. बसवणारे बहुतेक लोक पाणी शिरू नये म्हणून ती सिलिकॉनने बुजवतात. मग हवेचा दाब १ हेक्टोपास्कल बदलला की पातळी १ सेंटिमीटर खोटी दाखवते, आणि पावसाळी हवेत ही चूक सहज १० सेंटिमीटरवर जाते. नळीचं तोंड पेटीच्या आत उघडं ठेवा, पेटीत सिलिका जेलची पुडी टाका. सेन्सर तळापासून १० सेंटिमीटर वर लटकवा, नाहीतर गाळात रुतेल. आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर त्याच झाकणातून थेट त्याच्यावर ओतू नका, स्टीलही खाल्लं जातं.

टाकीवर वीज नाही, म्हणून सौर. इथे मोठं पॅनल लावण्याचा मोह होतो. हिशेब करून पाहा : यंत्र दर २ मिनिटांनी जागं होतं, सेन्सरला ३ सेकंद २४ व्होल्ट देतं, आकडा घेतं, पाव सेकंदाच्या आत निरोप पाठवतं आणि झोपतं. दिवसाची गरज अर्ध्या वॉट-तासाच्या आसपास. ३.२ व्होल्ट ६ अँपिअर-तासाचा लिथियम फॉस्फेट सेल म्हणजे १९ वॉट-तास. त्यातले निम्मेच धरले तरी झडीचे दोन आठवडे निघतात. ५ वॉटचं पॅनल पुरे. ४० वॉटचं लावलं तर ते रात्रीतून कुणाच्या तरी शेतातल्या खोपटावर दिसेल. साधा लिथियम-आयन सेल मात्र नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे असतो, २३ मे २०१३ ला तर नागपूर ४७.९ वर गेलं होतं. उन्हातल्या बंद पेटीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. पांढरी पेटी, पॅनलच्या सावलीत, केबल खालून आत. रिकामी भोकं ठेवली तर कुंभारमाशी मातीचं घर करते.

मोटरकडचं पॅनल विजेचं काम जाणणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. इथली सर्वांत धोकादायक चूक म्हणजे निळ्या चौकोनी रिलेने (कंट्रोलरच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या छोट्या स्विचने) थेट स्टार्टर चालवणे. शेतीपंपाच्या डीओएल (मोटरला थेट लाईन देणाऱ्या) स्टार्टरची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची, त्या रिलेवर लिहिलेलं असतं २५० व्होल्ट. काही दिवस चालते, मग तिचे पत्रे चिकटतात आणि मोटर थांबायचं नाव घेत नाही. मधे ४१५ व्होल्ट चालणारा छोटा कॉन्टॅक्टर (जास्त व्होल्टेज झेलणारा रिले) घाला आणि त्याच्या कॉइलवर स्नबर (ठिणगी शोषणारा भाग) लावा, नाहीतर प्रत्येक ठिणगीला कंट्रोलर रिसेट होतो. ओव्हरलोड रिले आणि प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटर बंद करणारा) आहेत तसेच राहू द्या. आपला संच त्यांच्या वर नाही, त्यांच्या खाली. आणि हात-बंद-ऑटो असा तीन ठिकाणांचा फिरता स्विच हवाच. उद्या संच जळाला तरी पाणी सोडणाऱ्या भाऊंना स्विच "हात" वर टाकून मोटर लावता आली पाहिजे.

नियम असे घातले. पातळी ०.९ मीटरखाली गेली की सुरू, २.८ ला बंद. लाईन आल्यावर ४ मिनिटं थांबायचं, कारण त्या क्षणी डीपीवरच्या सगळ्या ऑटो स्विचच्या मोटरी एकदम उठतात आणि व्होल्टेज कोसळतं. ३५० व्होल्टच्या खाली असेल तर सुरूच करायचं नाही. चालू मोटरचा करंट नेहमीच्या ६५ टक्क्यांखाली आला तर विहिरीने तळ गाठला, बंद करून तासभर थांबायचं. टाकीकडून सलग ५ निरोप आले नाहीत, म्हणजे १० मिनिटं गेली, तर बंद. यावर गावात वाद होतो, लोक म्हणतात चालू राहू द्या. पण निरोप का आला नाही हे मोटरला कळत नाही आणि विहिरीतलं पाणी मोजकं आहे. बंदच बरं, हात स्विच आहेच. शेवटचा नियम फार कामाचा निघाला : मोटर २० मिनिटं चालूनही, वाटपाचा व्हॉल्व्ह बंद असताना, पातळी १० सेंटिमीटरही चढली नाही तर सूचना द्यायची. हिशेबाने ती ३० चढायला हवी. नाही चढली म्हणजे रायझिंग (विहिरीपासून टाकीपर्यंतची पाइपलाइन) कुठेतरी फुटली आहे.

प्रत्येक निरोपात टाकीचा क्रमांक, निरोपाचा अनुक्रमांक, पातळी आणि सेलचं व्होल्टेज एवढं असतं. टाकीचा क्रमांक गाळू नका. स्वस्त रेडिओ मॉड्यूल कारखान्यातून एकाच रेडिओ-पत्त्यावर लावलेली येतात. शेजारच्या गावाने तसलाच संच लावला तर त्यांची टाकी तुमची मोटर चालू करेल.

आता सिम. आपलंच एखादं जुनं प्रीपेड सिम टाकायचा सल्ला सगळे देतात. ते रिचार्ज संपलं की गपचूप मरतं आणि ज्याच्या नावावर आहे तो माणूस निवडणुकीनंतर बदलतो. एमटूएम सिम वेगळं असतं, क्रमांक १३ अंकी, ग्रामपंचायतीच्या किंवा पुरवठादाराच्या नावावर. सेवा देणाऱ्या कंपनीला दूरसंचार विभागाकडे नोंदणी लागते, त्या नोंदणीची प्रत मागून घ्या. या सिमवरून ठरवून दिलेल्या मोजक्याच पत्त्यांवर डेटा जातो, हे विसरू नका. सर्व्हर बदलला की सिम जिवंत असूनही संच मुका. इंटरनेटवरून घड्याळ लावून घेण्याची सोयही अशा वेळी अडकते, वेळ टॉवरकडूनच घ्यावी लागते.

मॉड्यूल फोर-जीचंच घ्या. टू-जीचं जुनं सिम-८०० नावाचं मॉड्यूल स्वस्त पडतं, पण जिओला टू-जी नाहीच, आणि ते निरोप पाठवताना क्षणभर २ अँपिअर ओढतं, साध्या अडॅप्टरवर दर वेळी रिसेट होतं. जागेवर मोबाईलच्या दांड्या पाहून सिम निवडू नका. मॉड्यूलला एटी+सीएसक्यू (सिग्नल किती ते विचारणारी आज्ञा) विचारा. उत्तर १० आलं तर उणे ९३ डीबीएम, तेवढं पुरे. ९९ म्हणजे काहीच ऐकू येत नाही. प्रत्येक कंपनीचं सिम टाकून संध्याकाळी सात-आठला मोजा, तेव्हा गावभर मोबाईल चालू असतात.

वीज पडण्यापासून शंभर टक्के बचाव नाही. पॅनलला सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत उतरवणारा), सेन्सरच्या तारेला वेगळा, आणि दोन्हीला चांगली अर्थिंग. काळ्या मातीत ओल असेपर्यंत अर्थिंग उत्तम असते. एप्रिल-मेमध्ये जमिनीला भेगा पडतात, माती सळईपासून सुटते, आणि नेमका त्याच दिवसांत वळवाचा कडकडाट सुरू होतो. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं काम ज्याच्याकडे द्यायचं त्याचं नाव ठरावात लिहा.

पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लॅमिनेट करून चिकटवा : सिमचा १३ अंकी क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख, टाकीचा क्रमांक, चालू-बंदच्या पातळ्या, फ्यूजचे आकडे, वायरिंगचा नकाशा. एक जादा सेन्सर आणि एक जादा रेडिओ ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा आणि साठा नोंदवहीत त्याची नोंद घ्या.