हंसातला ठिपका

एप्रिलमध्ये हंस तारकासमूह उत्तररात्री वर येतो, म्हणून खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर आमची पाळी पहाटे तीनला सुरू झाली. सिग्नस एक्स-३ हे लक्ष्य. एक प्रचंड तापलेला तारा आणि ४.८ तासांत एकमेकांभोवती फेरी पुरी करणाऱ्या या जोडीतली दुसरी लहान, घट्ट वस्तू, बहुधा कृष्णविवर. मोठा भडका उडण्यापूर्वी ही जोडी रेडिओ लहरींत आधी जवळजवळ विझते, मग तिच्यातून पदार्थाचे झोत सुटतात. १९७२च्या सप्टेंबरात कॅनडातल्या दुर्बिणीने असा भडका पहिल्यांदा पकडला होता. आता ती पुन्हा विझल्याची खबर आली आणि आम्हाला तातडीने वेळ मिळाली.

आधी ३सी२८६ या ठरावीक तेजाच्या स्रोतावर मोजमाप जुळवून घेतलं. मग ४५ मीटर व्यासाच्या त्या तबकड्या ईशान्येकडे वळल्या. उजाडलं, द्राक्षबागांवर ऊन आलं, आमचं काम चालूच. रेडिओला दिवसरात्र सारखीच.

दुपारी इमेज काढली आणि पोटात गोळा आला. मधोमध ठिपका होता, पण त्याच्याभोवती कडी आणि ताणलेले पट्टे. जीएमआरटीच्या तीस अँटेना इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरल्यात, पट्टेही त्याच ठेवणीचे. माझंच कॅलिब्रेशन चुकलं, अशी माझी खात्री झाली. खराब डेटा पुन्हा चाळला, दोन अँटेना काढून टाकल्या, सगळं पहिल्यापासून केलं. कडी तशीच.

सर मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "अगं, सहा तासांचा डेटा एकत्र करताना तू काय धरून चाललीस? स्रोत तेवढ्याच तेजाचा राहिला, असंच ना?"

मी डेटाचे वीस-वीस मिनिटांचे तुकडे पाडले. पहिली इमेज स्वच्छ. दुसरीही. कडी कुठेच नाहीत, ठिपका मात्र दर तुकड्याला थोडा वाढलेला. तरी माझा विश्वास बसेना. अँटेनाच हळूहळू सरकल्या असतील तर? म्हणून त्याच चौकटीतली एक दूरची आकाशगंगा धरली. प्रत्येक तुकड्यात तिचं तेज तेवढंच. बदलत होता तो फक्त आमचा ठिपका. मी जे चूक म्हणून पुसायला निघाले होते, तो झोतच होता, माझ्या डोळ्यांदेखत फुगत जाणारा.

गंमत म्हणजे वरच्या वारंवारतांवर भडका तोवर उतरणीला लागला होता. झोतातला ढग सुरुवातीला इतका दाट असतो की खालच्या वारंवारतांच्या लहरी त्याच्यातच शोषल्या जातात. तो पसरून विरळ झाला की मगच त्या बाहेर पडतात. आमच्या ६५० मेगाहर्ट्झवर शिखर अजून यायचं होतं.

संध्याकाळी आणखी दोन रात्रींचा अर्ज टाकला आणि पावणेतीनचा गजर लावून तिथल्याच गेस्ट हाउसमध्ये आडवी झाले.