व्हाइट सॉक्सचा १२१ पराभवांचा हंगाम

शिकागो, सोमवार, ३० सप्टेंबर २०२४

काल डेट्रॉइटमध्ये हंगाम संपला आणि शिकागो व्हाइट सॉक्सच्या नावावर ४१ विजय आणि १२१ पराभव अशी नोंद कायमची झाली. १९०० नंतरच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एका हंगामात इतके सामने कोणताही संघ हरलेला नव्हता. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा उच्चांक आमच्या साउथ साइडच्या, म्हणजे शिकागोच्या दक्षिण भागातल्या, या संघाने शुक्रवारी रात्री मोडला, आणि तोही अशा सामन्यात, ज्यातल्या विजयामुळे यजमान टायगर्स २०१४ नंतर पहिल्यांदाच बाद फेरीत पोहोचले. उच्चांक गाठून झाल्यावर शनिवारी आणि रविवारी मात्र आमचा संघ दोन्ही सामने जिंकला. जिंकायचे असते तर आधीच जिंकला असतात, असे त्यांना विचारावेसे वाटले.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला १२१ या आकड्याचे वजन एकदम कळणार नाही. इथे सहा महिन्यांत १६२ सामने होतात, जवळजवळ रोज एक, आणि सामना अनिर्णित राखून अब्रू वाचवण्याची सोय या खेळात नाही. निकाल लागेपर्यंत खेळत राहायचे. त्यामुळे उत्तम संघही साठेक सामने सहज हरतात आणि सुमार संघही साठेक जिंकतात. बेसबॉलवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे की प्रत्येक संघ ५४ सामने जिंकतोच, ५४ हरतोच, आणि त्याचा हंगाम उरलेल्या ५४ सामन्यांत ठरतो. व्हाइट सॉक्सला जे ५४ विजय म्हणे आपोआप पदरात पडतात, तेही मिळवता आले नाहीत. हंगामभरात त्यांनी ५०७ धावा केल्या आणि ८१३ दिल्या, म्हणजे दर सामन्याला साधारण तीन करायच्या आणि पाच द्यायच्या. टक्केवारीच काढायची तर मेट्स किंचित अधिक वाईट ठरतात, कारण ते १६० सामन्यांत ४० जिंकले होते, आणि १९१६ चा फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स संघ तर दोघांच्याही खाली आहे. पण असले हिशेब करत बसावे लागणे हीच मुळात नामुष्की आहे.

सुरुवातच ३ विजय आणि २२ पराभव अशी झाली होती. तरीही हा हंगाम कुठल्या जातीचा आहे, हे मला पक्के कळले ते २३ मेच्या रात्री. बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध घरचा सामना होता, शेवटची म्हणजे नववी इनिंग, आम्ही ८-६ असे मागे, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आमचे धावपटू आणि एकच बाद, म्हणजे आशा धरायला पुरेशी जागा होती. बेनिन्टेंडीने चेंडू सरळ वर उंच उडवला. अशा वेळी धावपटूंना फसवून एकदम दोघांना बाद करता येऊ नये म्हणून बेसबॉलमध्ये नियम आहे की झेल घेतला जाओ वा न जाओ, फलंदाज बादच धरायचा. तो धरला गेला. पण दुसऱ्या बेसकडे परत वळलेला अँड्र्यू वॉन नेमका शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) हेंडरसनच्या वाटेत आला. हेंडरसनने झेल सुखरूप घेतला, त्याचे काही बिघडलेही नाही. तरीही अडथळा आणल्याबद्दल पंचांनी वॉनलाही बाद दिले, इनिंगचे तीन बाद भरले आणि सामना तिथेच खलास झाला. धावपटूंच्या संरक्षणासाठी केलेल्या नियमाच्या सावलीत उभे राहून दोघे बाद होण्याचा पराक्रम दुसऱ्या कुणाला जमला असता की नाही, कोण जाणे. त्या सुमारास सुरू झालेली पराभवांची मालिका पुढे १४ सामने चालली.

ती मालिकासुद्धा किरकोळ वाटावी असा जुलै त्यानंतर आला. १० जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत संघ ओळीने २१ सामने हरला आणि अमेरिकन लीगमधल्या (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी आमची) १९८८ च्या ओरिओल्सच्या उच्चांकाशी बरोबरी झाली. संध्याकाळी कणीक मळताना रेडिओवर समालोचन लावण्याची माझी जुनी सवय आहे. त्या दिवसांत मुलगा खोलीतून बाहेर येऊन “आई, आज कितीनं हरले?” एवढेच विचारायचा, आणि सामना अजून तिसऱ्या इनिंगमध्ये असायचा. याच मालिकेच्या मध्यावर, २५ जुलैला, डिलन सीस या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, नो-हिटर टाकला, म्हणजे संपूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही हिट, फटका मारून बेस गाठणे, मिळू दिली नाही. तो टाकला सॅन डिएगो पाद्रेसकडून. मार्चपर्यंत सीस आमचा होता. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ असा विजय मिळून मालिका तुटली आणि दोन दिवसांनी मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, पेद्रो ग्रिफोल यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्याबद्दल मला फार प्रेम नव्हते, पण जे जिन्नस हाती दिले त्यातून पक्वान्न झाले नाही म्हणून एकट्या आचाऱ्याला हाकलण्याचा हा प्रकार होता. त्यांच्या जागी हंगामी आलेल्या ग्रेडी साइझमोर यांच्या हाताखालीही १३ विजय आणि ३२ पराभव झाले.

१९६२ च्या मेट्सशी आमची तुलना गेला महिनाभर सगळेच करत आहेत आणि ती मला मुळीच मान्य नाही. मेट्स त्या वर्षी नव्याने स्थापन झालेले होते, इतर संघांनी नकोशा केलेल्या खेळाडूंची त्यांना मोट बांधावी लागली होती, केसी स्टेंगेलसारखा गमत्या म्हातारा मॅनेजर होता, आणि लोकांनी त्यांच्या हरण्यावरही जीव लावला. सात वर्षांनी, १९६९ मध्ये, ते विश्वविजेतेही झाले. व्हाइट सॉक्स नवखे नाहीत. २००५ मध्ये त्यांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली आहे आणि अवघ्या तीन वर्षांपूर्वी, २०२१ मध्ये, ९३ सामने जिंकून ते आपल्या विभागात पहिले आले होते. त्या यशाची किंमतही आम्ही आगाऊ भरली होती. २०१६ च्या अखेरीस ख्रिस सेलसारखा पिचर देऊन तरुण खेळाडू घेतले गेले, थोडी वर्षे धीर धरा असे सांगितले गेले, आणि २०१८ मधले १०० पराभव आम्ही त्या धीराच्या खात्यावर निमूटपणे जमा केले. त्या धीराचे फळ म्हणजे एक विभागीय विजेतेपद. पुढे ८१ विजय, मग ६१, आणि आता ४१. एवढ्या नियमाने उतरणारा आलेख दैवाच्या माथी मारता येत नाही.

माझ्या मते जबाबदारी मालकांची आहे. जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून हा संघ चालवतात. या क्लबने आजवर कोणत्याही खेळाडूशी केलेला सर्वांत मोठा करार बेनिन्टेंडीचा, ७.५ कोटी डॉलरचा, आणि शिकागो हे देशातले तिसरे मोठे शहर आहे. १९८८ मध्ये हा संघ फ्लोरिडाला जायला निघाला होता, तेव्हा विधिमंडळात मुदतीच्या मध्यरात्री घड्याळ थांबवून सरकारी पैशातून नव्या स्टेडियमचा ठराव मंजूर करून घेतला गेला. ते स्टेडियम १९९१ मध्ये उघडले. यंदा हरण्याला सुरुवात होण्याआधीच, फेब्रुवारीत, राइन्सडॉर्फ आणखी एका नव्या स्टेडियमसाठी सार्वजनिक पैसा मागायला राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला, जाऊन आले. कमाल आहे.

बरे, एवढे हरल्यावर निदान पुढच्या वर्षीच्या नवोदितांच्या निवडीत पहिला नंबर तरी मिळावा. तर तोही नाही. मोठ्या बाजारपेठेतल्या संघांनी मुद्दाम हरून वर्षानुवर्षे पहिल्या जागा पटकावू नयेत म्हणून जे नवे नियम झाले आहेत, त्यांनुसार २०२५ मध्ये व्हाइट सॉक्सला दहाव्या क्रमांकाच्या वर निवड करता येणार नाही. नियम योग्यच आहे, पण तो आमच्याच डोक्यावर पडावा याचे नवल वाटत नाही.

गेल्या आठवड्यात घरच्या मैदानावर एंजल्सविरुद्धचे शेवटचे तीन सामने झाले तेव्हा १२० पराभव भरले होते. उच्चांक आपल्या डोळ्यांदेखत मोडावा म्हणून पुष्कळ जण आले होते, आणि स्टँडमधून ‘संघ विका’ अशा घोषणा चालल्या होत्या. संघाने तिन्ही सामने जिंकले. मंगळवारी पिछाडीवरून ३-२, बुधवारी दहाव्या इनिंगमध्ये बेनिन्टेंडीच्या हिटवर ४-३, आणि गुरुवारी चक्क ७-०. मला त्या घोषणाही पटत होत्या आणि बुधवारच्या त्या हिटवर मी एकटीच स्वयंपाकघरात ओरडलेही होते, या दोहोंत मला विसंगती दिसत नाही. मैदानातली मुले आणि मालकांचे कार्यालय ही दोन वेगळी प्रकरणे आहेत.

त्या मुलांपैकी ज्याच्यासाठी मी रेडिओ बंद केला नाही, तो गॅरेट क्रोशे. दोन वर्षांपूर्वी कोपराची मोठी शस्त्रक्रिया झालेला हा डावखुरा यंदा प्रथमच नियमित सुरुवातीचा पिचर म्हणून उतरला आणि १४६ इनिंगमध्ये त्याने २०९ फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक देऊन बाद) केले. एवढे करून त्याच्या नावावर ६ विजय आणि १२ पराभव, कारण त्याच्यासाठी धावा करणारे कोणी नव्हते. जनरल मॅनेजर ख्रिस गेट्झ यांच्याजवळ विकण्याजोगे आता जवळपास तेवढेच उरले आहे. पुढचा हंगाम २७ मार्चला इथेच आणि पुन्हा एंजल्सविरुद्धच सुरू होतो. त्या दिवशी चेंडू क्रोशेच्या हातात असेल, असे मला वाटत नाही; सीस गेला तोही हंगाम जेमतेम दोन आठवड्यांवर आला असताना.