निवृत्तीनंतरची वारस नोंद: माझा अनुभव

मी नौदलातून कॅप्टन म्हणून निवृत्त झालो. सातारा जिल्ह्यात एवढं सांगून भागत नाही, कारण इथं घरोघरी कुणी ना कुणी पलटणीत असतं. पारावर बसलेले एक निवृत्त सुभेदार मेजर मला म्हणाले, "एवढी वर्षं काढली आन् कॅप्टनच राहिला व्हय?" नौदलातला कॅप्टन हा लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा, हे मी समजावलं. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

नोकरीचं थोडक्यात सांगतो. खडकवासल्याला तीन वर्षं, मग समुद्र. कोचीत आयएनएस द्रोणाचार्य या किनाऱ्यावरच्या तळावर तोफखान्याचं प्रशिक्षण, पुढं कधी विशाखापट्टणम तर कधी मुंबई, एका युद्धनौकेची कमान आणि शेवटी दिल्लीतल्या फायली. निरोपाच्या दिवशी जीपला दोर बांधून सहकारी अधिकारी ती फाटकापर्यंत ओढत नेतात, तसं मलाही नेलं. पेन्शनचं काम आता 'स्पर्श' या सैन्यदलांच्या ऑनलाइन व्यवस्थेवर चालतं. सैन्यदलात पेन्शनचा निम्म्यापर्यंत भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात आणि पंधरा वर्षांनी तो भाग पुन्हा सुरू होतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाईलसमोर चेहरा धरून देता येतो. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, म्हणजे ईसीएचएसचं कार्डही मिळालं. यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. घडलं ते फलटण तालुक्यातल्या आमच्या शेताच्या कागदांत.

निवृत्तीनंतर शेतावर राहायचं, हे खूळ डोक्यात शिरलं ते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींमुळं. १९७१ च्या युद्धात आयएनएस कामोर्टा त्यांच्या हाताखाली होती आणि त्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळालं. पश्चिम नौदल कमानीचं प्रमुखपद सांभाळून १९८३ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढं फलटणजवळ विंचुर्णीला येऊन राहिले. शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा भारतीय खलाशी तयार व्हावा, हा ध्यास त्यांचा. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे 'म्हादेई'वरून ती करून आले, मग अभिलाष टॉमी कुठंही न थांबता करून आले आणि २०१८ च्या मे महिन्यात 'तारिणी'वरच्या सहा महिला अधिकारी परतल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात आवटी साहेब गेले. निवृत्तीनंतर पस्तीस वर्षं माणूस इतका कामात राहू शकतो, याचं मला अजून नवल वाटतं.

माझा बेत साधा होता. डाळिंबाला ठिबक करायचं आणि त्याच्या अनुदानासाठी अर्ज करायचा. अर्जासाठी सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खात्याचा उतारा, हवा होता. सातबारा काढला तर त्यावर अजून वडीलच! ते गेले तेव्हा मी विशाखापट्टणमला होतो. दहावं-तेरावं उरकून जहाजावर परतलो आणि नोंदीचा विषय घरात कुणी काढलाच नाही. कायद्यानं ही खबर तीन महिन्यांत द्यायची असते, पण आमच्याकडं आजोबांची नावंसुद्धा अजून सातबाऱ्यावर सुखानं नांदताना दिसतात.

तलाठी वयानं माझ्या मुलाएवढा. बोलायला आदबीचा, पण कागदाला पक्का. मृत्यूचा दाखला हातात घेऊन त्यानं एकदा त्याकडं, एकदा सातबाऱ्याकडं पाहिलं. "साहेब, हे दोघं वेगळे दिसतायत." सातबाऱ्यावर 'बापू रामा', दाखल्यावर 'बापूराव रामचंद्र'. जुन्या फेरफाराची, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीची नक्कल काढल्यावर कळलं की आजोबांच्या नावावर जमीन लागली तेव्हाच 'रामा' लिहिलं गेलं होतं आणि तेच पुढच्या प्रत्येक नोंदीत उतरत आलं. फेरफार नोंदवही मला जहाजाच्या लॉगबुकासारखी वाटली. मागचं खोडायचं नाही, दुरुस्ती असेल तर खाली नवी नोंद. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र केलं, गावातल्या दोन वयस्कर माणसांचे जबाब झाले, आणि ते कोडं सुटलं.

त्याच दिवशी तिथं एकानं कानात सांगितलं, "साहेब, थोडं बघून घेतलं की पटकन होईल." मी पावती मागितली. तो गप्प बसला. त्यानंतर माझा कागद चार दिवस जास्त पडून राहिला असेल, तर राहो.

वारसांची यादी करताना भावकीनं सल्ला दिला की बहिणींची हक्कसोड आत्ताच घेऊन टाका. सगळेच घेतात. मला हे रुचलं नाही. मुलींचा वाटा मुलाइतकाच, आणि हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवल्याशिवाय त्याला अर्थ नाही. नुसत्या स्टॅम्पपेपरवर सह्या घेऊन ठेवणारे पुढं कोर्टात भेटतात. सांगलीच्या आक्काला फोन केला. ती म्हणाली, "मला जमीन नको रे, पण नाव असू दे. आईचं नाव तरी कुठं लागलं होतं?" म्हणून आम्हा तिघा भावंडांचीही नावं दिली, आक्काचं पहिलं.

पुढं सगळं ठरल्या वाटेनं गेलं. अर्ज ई-हक्क या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर भरला. वारस नोंदवहीत, म्हणजे सहा-क मध्ये नोंद झाली, मग फेरफार धरला गेला आणि संबंधितांना नोटिसा निघाल्या. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. त्या दिवसांत मी तलाठ्याला फोन केला नाही, कारण त्याच्याही हातात काही नसतं. हरकत आली नाही आणि मंडल अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. जमीन घेण्याचा विचार असलेल्या माजी सैनिकांनी हे आधी उरकावं, असं माझं मत. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, आणि वडिलांच्या सातबाऱ्यावर तुमचं नावच नसेल तर तो मागच्या पिढीपासून जुळवत बसावा लागतो.

डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत उतरवून घेतला आणि ठिबकचा अर्ज महाडीबीटी या सरकारी योजनांच्या संकेतस्थळावर टाकला. आक्कालाही सातबाऱ्याची प्रत पाठवली. आता बांधावर आंब्याची कुठली कलमं लावायची हे तीच ठरवणार म्हणे, आणि माझ्या डाळिंबाच्या बेताबद्दल तिचं मत फारसं चांगलं नाही.