बलाफचा पूल: टीटी बघायला जाणाऱ्यांसाठी

आईल ऑफ मॅन या बेटावरच्या टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) या मोटरसायकल शर्यतीची एक फेरी ६०.७ किलोमीटरची, आणि सगळी रोजच्या वापरातल्या रस्त्यांवरून. २०२३ मध्ये पीटर हिकमनने ही फेरी ताशी सुमारे २१९ किलोमीटरच्या सरासरीने मारली. असल्या वेगाच्या गाड्यांना निमूटपणे गिअर उतरवायला लावणारी जागा म्हणजे बलाफ गावातला ओढ्यावरचा छोटा, उंटाच्या पाठीसारखा पूल. मार्गावर बघायला जागा पुष्कळ आहेत, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने बलाफच गाठावं, असं माझं ठाम मत आहे.

बहुतेक जण उडीच्या फोटोसाठी धडपडतात. माझं ऐका, गाडी टेकते ती बाजू बघा. दोन्ही चाकं हवेत असताना स्वार थ्रॉटल सोडतो, मागचं चाक आधी टेकवतो, आणि पुढचं टेकतं न टेकतं तोच गाडी उजवीकडे वळवतो. समोर घरांच्या भिंती. स्पर्धक दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सुटतात, त्यामुळे सुरुवातीला डोळ्यांना उसंत मिळत नाही. कानात बोळे हवेतच, मुलांच्या तर नक्कीच.

१९३९ च्या सरावात बीएमडब्ल्यूचा कार्ल गाल याच पुलावर पडला आणि त्यातच गेला. त्याचा सहकारी गेऑर्ग मायर त्याच वर्षी सीनियर टीटी, म्हणजे टीटीतली मुख्य शर्यत, जिंकला. हे ठाऊक असलं की प्रत्येक गाडी नीट टेकली की आपलाही श्वास सुटतो.

डग्लसहून पील, कर्क मायकलमार्गे रॅमसेला जाणारी बस बलाफला थांबते. शर्यतीच्या दिवशी वेळापत्रक बदलतं, आदल्या रात्री बघून ठेवा. रस्ता बंद झाला की ओलांडता येत नाही. म्हणून आधीच पोहोचा आणि खाणं, स्वच्छतागृह, परतीची वाट कुठल्या बाजूला आहे ते बघूनच बसा. मार्शल, म्हणजे मार्गावर सुरक्षा बघणारा माणूस, ऊठ म्हणाला की उठायचं, वाद नाही. गर्दी नको असेल तर सरावाचा आठवडा उत्तम.

मधल्या वेळात शेजारच्या करा पाणथळीत चक्कर मारा. तिथे चक्क वॉलबी (छोट्या कांगारूसारखे प्राणी) मोकळ्या हिंडतात, प्राणिसंग्रहालयातून पूर्वी निसटलेल्यांची पिलावळ.

बोट आणि खोली कित्येक महिने आधी ठरवा, आणि परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवाच. मार्गातल्या डोंगरावर धुकं उतरलं की बचावाचं हेलिकॉप्टर उडू शकत नाही, आणि मग बलाफला लख्ख ऊन असलं तरी शर्यत पुढे ढकलतात.