‘शौर्य’विषयी छावणीतली मते

लढायांचा आणि खर्चाचा भपका नसलेला ‘शौर्य’ (२००८) हा हिंदी चित्रपट छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात, ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांच्या घरी, आम्ही काही जणांनी मिळून पाहिला. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हत्येचा आरोप असलेला कॅप्टन जावेद खान तोंड उघडायला तयार नाही आणि त्याचा बचाव एका बेफिकीर मेजरकडे आला आहे, एवढेच कथेचे सूत्र.

“गोळी कुणी झाडली हे कळल्यावर रहस्य उरलं काय?” असे महाविद्यालयात शिकणाऱ्या पोरांचे म्हणणे पडले. मला ते पटले नाही. गोळी का झाडली, हाच इथे खरा प्रश्न आहे, आणि जावेदची भूमिका करणाऱ्या दीपक डोब्रियालने बहुतांशी गप्प राहूनच तो धगधगता ठेवला आहे.

सुभेदारसाहेबांची हरकत वेगळी होती. जनरल कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे अशा खटल्याच्या लष्करी न्यायालयात, किमान पाच अधिकारी बसतात आणि कायद्याची बाजू सांगायला जज ॲडव्होकेट हजर असतो, तेव्हा सगळा निकाल दोन वकिलांच्या जुगलबंदीवर लागल्यासारखे दाखवणे त्यांना खटकले. तरीही के के मेननचा ब्रिगेडियर साक्षीला उभा राहून अखेर आपल्या मनातला द्वेष ओकू लागला, तेव्हा हातातला चहा निवत असूनही ते पडद्यावरून नजर हटवत नव्हते.

पत्रकार तरुणीच्या उपकथानकाविषयी मात्र कुणीच बरे बोलले नाही, आणि त्यात मीही भर घातली.