सेल्फ फिरतो, पण प्लगला करंट नाही: माझा अनुभव

गाडी सेल्फ घेत होती, अगदी दणकून घेत होती. बॅटरी चांगली, स्टार्टरचा आवाज खणखणीत, पण इंजिन पेटायचं नाव घेत नव्हतं. पहिल्यांदा हे झालं तिथपासून खरा दोष सापडेपर्यंत तीन महिने गेले. त्या काळात गाडीतले तीन धडधाकट भाग काढून तीन नवे बसवले गेले. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

करंट नाही हे कळायला वेळ लागला नाही. एक जादा प्लग वायरला जोडला, त्याचं धातूचं अंग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवलं आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी नाही. चारही वायरींवर तेच. (वायर हातात धरून हे कधीही करू नका. प्लगसाठी बॅटरीचा दाब वाढवणाऱ्या कॉईलमधून वीस हजार व्होल्टपेक्षा जास्त दाब येतो. शिवाय आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, कारण उघड्या ठिणगीजवळ पेट्रोलची वाफ नको.) चार प्लग किंवा चार वायरी एकाच क्षणी जात नाहीत, तेव्हा दोष चौघांच्या सामाईक वाटेवर असणार, इतकं उघड होतं. फ्यूज ठीक, किल्लीच्या इमोबिलायझरचा (चोरीविरोधी कुलपाचा) दिवा नेहमीसारखा विझत होता.

गॅरेजवाल्यांनी आधी कॉईल बदलली. गाडी सुरू झाली! सगळे खूश. आठ दिवसांनी भर रस्त्यात पुन्हा तेच. मग प्लग आणि वायरी बदलल्या. गाडी सुरू झाली! पुन्हा दहा-बारा दिवस बरे गेले. तिसऱ्या वेळी इग्निशनचा रिले बदलला आणि गाडी पुन्हा सुरू झाली.

सगळी गोम इथेच होती. गाडी बंद पडायची ती अर्धा-पाऊण तास चालल्यावर, इंजिन तापलेलं असताना कुठेतरी थांबून परत किल्ली फिरवली की. टो करून गॅरेजमध्ये नेईपर्यंत तास-दोन तास जायचे, म्हणजे इंजिन गार. मग काहीही बदला, कॉईल बदला नाहीतर पुढची काच बदला, गाडी सुरू होणारच होती! प्रत्येक नव्या भागाला जे श्रेय मिळालं ते खरं तर त्या दोन तासांच्या विश्रांतीचं होतं. मी हे दर वेळी सांगत होते, "अहो, गरम असतानाच होतं." पण गार गाडी समोर सुरू होत असताना ते कोणी कानावर घेत नव्हतं.

चौथ्या वेळी मला सांगण्यात आलं, "मॅडम, आता ईसीएमच गेलाय." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. का? तर कॉईलला १२ व्होल्ट येतात, इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा क्रँक सेन्सर मीटरवर बरोबर दाखवतो आणि स्कॅनरवर दोषाचा एकही कोड नाही. मग उरलं काय, तर ईसीएम. मी गाडी तशीच घरी आणली.

त्यांचं मोजमाप खोटं नव्हतं, पण ते गार सेन्सरचं होतं. माझ्या गाडीत क्रँक सेन्सर गिअरबॉक्सच्या तोंडाशी, फ्लायव्हीलच्या (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या) दात्यांसमोर बसलेला आहे. दाते समोरून गेले की त्यात छोटा विद्युतदाब तयार होतो, आणि त्यावरून ईसीएमला पिस्टन कुठे आहे ते कळतं. हा इशारा आला नाही तर ईसीएम कॉईलमधून ठिणगी सोडतच नाही, आणि बहुतेक गाड्यांत इंजेक्टरमधून पेट्रोलही नाही. म्हणून माझे प्लग दर वेळी कोरडे निघत होते. ही खूण मी आधी धरायला हवी होती. प्लग पेट्रोलने भिजलेला निघाला आणि करंट नसेल, तर आधी कॉईल आणि तिच्या वायरींकडे बघायचं. कोरडा असेल आणि करंटही नसेल, तर आधी क्रँक सेन्सर.

दुसरी खूण डोळ्यांसमोरच होती. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा उचलला जातो. गाडी अडली की माझा काटा शून्यावर पडून राहायचा. काही गाड्यांत तो सेल्फच्या वेळी तसाही हलत नाही, अशा वेळी स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये आरपीएम बघा. नुसता "कोड नाही" या उत्तरावर थांबू नका.

पुढच्या वेळी गाडी अडली तेव्हा मी तयार होते. पाण्याची बाटली आणि फडकं गाडीतच ठेवलेलं होतं. बॉनेट उघडून, सायलेन्सरच्या गरम नळीपासून हात सांभाळत, ओलं फडकं सेन्सरवर धरलं. पाच-सात मिनिटांत पाणी दोनदा बदललं. किल्ली फिरवली. काटा हलला, इंजिन लागलं. त्या क्षणी मला जे वाटलं ते शब्दांत मांडता येणार नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा गाडीने मला सरळ उत्तर दिलं होतं.

घरी सेन्सर काढला, एक बोल्ट आणि एक कनेक्टर, आणि मल्टिमीटर लावून टेबलावर ठेवला. ५२० ओहम. मग हेअर ड्रायर लांबून चालू केला. ५४०. ५६५. इथपर्यंत ठीक, तांबं तापलं की रोध वाढतोच. ५९०. ६१०. आणि एकदम आकडा गायब, मीटरवर फक्त "ओएल". म्हणजे आतली केसासारखी तार तुटलेली होती. गार असताना दोन टोकं एकमेकांना टेकलेली राहायची, तापून आतलं सगळं फुगलं की सुटायची. ड्रायर बंद केला. दहा मिनिटांनी पुन्हा ५३०. हे मी चार वेळा करून पाहिलं आणि चौथ्या वेळी व्हिडिओ काढून गॅरेजमध्ये दाखवला. तिथल्या मोठ्या मेकॅनिकने तो दोनदा पाहिला आणि ईसीएमचा विषय सोडला.

नवा सेन्सर बसवताना बोल्टाखालची बैठक घासून साफ करा. तिथे गंज किंवा कचरा राहिला तर दात्यांपासूनचं अंतर बिघडतं, आणि ते अंतर जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतं. वायर मूळ क्लिपमध्येच अडकवा, सायलेन्सरवर लोंबू देऊ नका.

हे ओहमचं मोजमाप दोन तारांच्या, गुंडाळीच्या सेन्सरसाठीच आहे. तीन तारांचा बहुधा हॉल सेन्सर असतो. त्यात गुंडाळी नसते, त्यामुळे ओहम मोजून काही कळत नाही. तिथे पुरवठा येतो का आणि सेल्फ फिरताना सिग्नलच्या तारेवरचा दाब वर-खाली होतो का ते बघायचं.

आणि कॉईलचे १२ व्होल्ट मोजाल ते नुसती किल्ली चालू करून नव्हे, सेल्फ फिरत असतानाही मोजा. किल्लीच्या स्विचचा एक संपर्क झिजला की सेल्फ मारतानाच कॉईलचा पुरवठा तुटतो. मग किल्ली सोडता सोडता इंजिन एकदा भुरभुरतं. माझ्या गाडीत ते नव्हतं, पण दोष शोधताना यात माझा एक आख्खा रविवार गेला.

सेन्सर बसवल्यावर मी गाडी मुद्दाम तासभर फिरवली, इंजिन तापलेलं असतानाच बंद केली आणि दहा मिनिटं थांबून किल्ली फिरवली. असं सलग सहा वेळा केलं. सहाही वेळा काटा उचलला गेला.