अडेनियमच्या नावातला कंस

कोल्हापुरात हल्ली ज्याच्या त्याच्या गच्चीवर अडेनियम दिसतंय, बुंधा फुगलेला, पानं मोजकीच आणि वर गुलाबी फुलांचा घोस. नर्सरीवाले डेझर्ट रोझ म्हणून देतात, पण गुलाबाशी त्याचं काही नातं नाही, हे कण्हेरीच्या गोतावळ्यातलं झाड.

ते नातं पीटर फोर्सकोलनं फार आधी ओळखलं होतं. स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाचा हा शिष्य डेन्मार्कच्या राजानं पाठवलेल्या मोहिमेतून येमेनला गेला, तिथलं हे झुडूप बघून त्यानं ते कण्हेरीच्याच प्रजातीत (जीनसमध्ये) घातलं आणि नाव दिलं नेरियम ओबेसम. १७६३ च्या जुलैत मलेरियानं तो तिथंच गेला, वय अवघं ३१. मोहिमेतले बाकीचेही एकेक करत गेले आणि शेवटी एकटा कार्स्टन नीबूर उरला, जो त्याच प्रवासात आपल्या मुंबईत येऊन राहिला होता, त्यानं घरी परतल्यावर १७७५ ला फोर्सकोलच्या टिपणांचं पुस्तक छापलं म्हणून ते नाव जगाला कळलं!

पुढं १८१९ ला रोमर आणि शुल्टेस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे झाड कण्हेरीतून काढून अडेनियम अशी वेगळी प्रजाती केली. पण मला खरं भारी वाटतं ते असं की, शास्त्रीय नाव पूर्ण लिहायचं तर या दोघांच्या आधी कंसात फोर्सकोलचं नाव येतंच. झाड कुठंही हलवा, पहिल्यांदा नाव देणारा माणूस पुसला जात नाही.

कुळांचीही अशीच हलवाहलव झालीय बघा. शनिवारी मारुतीला आपण जिची पानं वाहतो ती रुई, तिचं कुळ रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१० ला वेगळं काढलं होतं, ते आता परत कण्हेरीच्या कुळात आलंय, म्हणजे रुई, पांढरा चाफा, सदाफुली, अडेनियम सगळी एकाच घरची. शिवाजी विद्यापीठाच्या बागेत जपलेली कंदीलपुष्पंसुद्धा यातलीच.

आणि कुळ माहीत असलं की काळजी पण कळते. कण्हेरीसारखाच अडेनियमचा चीक विषारी आहे, आफ्रिकेत तो बाणांना लावायचे, त्यामुळं छाटणी केल्यावर हात धुवाच आणि कुंडी लहान पोरांपासून लांब ठेवा. मूळचं कोरड्या मुलखातलं झाड ते, आपल्या पावसात उघड्यावर ठेवलं तर बुंधा कुजतो, जूनच्या आधीच शेडखाली घ्या.